पाटावरचा घरमालक

मी नोकरी सोडून पूर्णवेळ घरमालक झालो आणि त्याच दिवसापासून मला राहायला घर नव्हतं. हे सांगितलं की लोक हसतात. तेव्हा आमच्या घरात कुणी हसत नव्हतं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो आणि सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. साक्रीकडची वडिलांची कोरडवाहू जमीन विकून मी जळगावला, तेव्हा गावाबाहेर म्हणत अशा भागात, एक प्लॉट घेतला होता. त्यावर जमेल तशी एकेक खोली चढवत चाळ उभी केली. मागे ओळीने भाडेकरूंच्या खोल्या, आणि पुढे रस्त्याच्या अंगाला दोन मोठ्या खोल्या आणि ओटा. त्या पुढच्या खोल्या मी माझ्यासाठी बांधल्या होत्या. सागाचं दार, शहाबादी फरशी, आणि उंबरठ्याचं लाकूड तर मी स्वतः वखारीत जाऊन निवडलं होतं. पण मी धुळ्याला आणि खोल्या जळगावला. रिकाम्या ठेवणं परवडेना, म्हणून त्याही भाड्याने दिल्या. भाडेकरू बाजार समितीत मापाडी होता, धान्याची मापं करायचा. बरोबर त्याची बायको आणि म्हातारे आईबाप. पारोळ्याकडची माणसं.

नोकरी का सोडली याची कारणं मी लोकांना वेगवेगळी सांगितली. खरं कारण एवढंच की नवीन आलेल्या साहेबाने एकदा शिपायासमोर माझ्या अंगावर फाईल फेकली. मी ती उचलली, टेबलावर ठेवली आणि ठरवलं की आता बस्स. माझं डोकं आधीच गरम. चाळीचं भाडं पोटापुरतं येत होतं. सासऱ्यांनी भडगावहून येऊन समजावलं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. कचेरीतले म्हणाले, पेन्शन सोडून कुणी खोल्यांची भाडी गोळा करत हिंडतं का? मी म्हटलं, मी हिंडेन.

एवढा जोर माझ्यात आला तो मापाड्याच्या वडिलांच्या शब्दामुळे. त्यांना चाळीत सगळे आबा म्हणत. भाडं घ्यायला जळगावला गेलो की मी त्यांच्याशी ओट्यावर बोलत बसायचो. माझा विचार कानावर घातला तेव्हा ते म्हणाले, "तू राजीनामा दी दे भाऊ. तू जवय म्हनशी तवय खोल्या मोकळ्या." बाजूला त्यांचा मुलगा उभा होता. त्याने मान हलवली. खानदेशात म्हाताऱ्या माणसाचा शब्द म्हणजे स्टॅम्पपेपर, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी धुळ्याला परतलो आणि राजीनामा दिला.

राजीनामा मंजूर झाला आणि पाठोपाठ आबा गेले. पुढच्याच खोलीत, झोपेत गेले. तेराव्याला मी गेलो होतो, तेव्हा घराचा विषय काढला नाही. नंतर काढला तर मापाडी शांतपणे म्हणाला, "शब्द आबांनी दिला होता, भाऊ. मी नाही."

मला भयंकर संताप आला. तो मात्र थंड होता. त्याला कायदा माहीत होता. त्या काळी भाडेकरूला घराबाहेर काढणं म्हणजे देवाला देवळाबाहेर काढण्यासारखं होतं. मी वकिलाकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "दावा लावू. निकाल नक्की तुमच्या बाजूने लागेल. ताबा तुमच्या नातवाला मिळेल." तेव्हा माझी मुलंसुद्धा लहान होती.

इकडे कचेरीने क्वार्टर सोडायला जूनपर्यंतची मुदत दिली होती. नव्या कारकुनाची बायको येऊन एकदा खोल्या बघूनही गेली. तिने स्वयंपाकघरात उभं राहून माझ्या बायकोला विचारलं, "इथे उजेड कमीच येतो का हो?" ती गेल्यावर बायकोने दार लावून घेतलं. मग म्हणाली, "लोकांना घरं देणारा माणूस, आणि आपण सामान कुठे न्यायचं?" मागच्या खोल्यांतही भाडेकरू होते, त्यांना तरी कोणत्या तोंडाने सांगणार? दुसरीकडे भाड्याने राहायचं तर जगायला काही उरत नव्हतं. शेवटी मीच भाडेकरू होणार, अशी वेळ आली होती.

उन्हाळा चढला तसा मी पुन्हा जळगावला गेलो. या वेळी मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. मापाडी ओट्यावर बसला होता. मी काही बोलायच्या आत त्याने मला बसायला चटई टाकली आणि म्हणाला, "भाऊ, आखाजी तोंडावर आली आहे. आबांची पहिली घागर आहे. ज्या घरात जीव गेला तिथेच ती भरावी, असं आईचं म्हणणं आहे. तेवढी होऊ द्या."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे ती दिवाळीच्या तोडीची. माहेरवाशिणी झोके घेतात, पुरुष उघडपणे पत्ते कुटतात, आणि घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर्षभरात कुणी गेलं असेल तर त्याची घागर चुकवता येत नाही. मी कितीही तापट असलो तरी या गोष्टीला नाही म्हणणारा नव्हतो.

"भरा," मी म्हटलं, "आणि मग?"

"मग बघू," तो म्हणाला. "पण पितर म्हणून तुम्हीच बसा. आईची फार इच्छा आहे. आबांचं तुमच्याशी जमायचं."

घागर भरली की एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवतात. जो गेला तो त्या दिवशी त्या माणसाच्या रूपाने घरी जेवतो. त्याचे पाय धुतात, त्याला गंध लावतात. मी भाबडेपणाने हो म्हणून आलो. माझ्या मनात होतं की मान देतोय, म्हणजे माणूस वळणावर येतोय.

धुळ्याला बायकोला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. रागावली की ती माहेरच्या बोलीत बोलायची. "तुमले काही समजस का? पाटवर बठना तो बाप शे. बाप पोरगाले घर सोड कसा म्हनी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकदा मी त्याच्या हातून पाय धुवून घेतले, त्याच्या घरचं पितराचं जेवण जेवलो, की दुसऱ्या दिवशी कोर्टाची नोटीस कुठल्या तोंडाने पाठवणार? सगळी चाळ बघणार. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मापाड्याने मला बरोबर मापात धरलं होतं. आणि आता नाही म्हणावं तर मेलेल्या माणसाच्या ताटावर लाथ मारल्यासारखं. जावं तर घर गेलं, न जावं तर अब्रू गेली. त्या आठवड्यात मी घरात सगळ्यांवर ओरडलो. मुलं माझ्यासमोर यायची बंद झाली.

आखाजीला सकाळच्या एस.टी.ने निघालो. एरंडोलपर्यंतच ऊन सोसवेनासं झालं. गाडीत सगळीकडे माहेरी निघालेल्या पोरी आणि त्यांच्या पिशव्या. मी एकटाच असा असेन, जो सणाला आपल्याच घरी पाहुणा म्हणून निघाला होता. काय करायचं हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

पोचलो तर दारात म्हातारी बसली होती. उंबरठा धुऊन त्यावर ती कुंकवाचं एकेक बोट ओढत होती आणि एकेका पूर्वजाचं नाव घेत होती. उंबरठा माझा आणि पितर त्यांचे! मला राग आला. पण आबांचं नाव घेताना तिचं बोट थांबलं, तेव्हा मलाही भरून आलं. दोन्ही खरं होतं.

मापाड्याने माझे पाय धुतले. अगदी नीट, टाचेपर्यंत धुतले. गंध लावलं, गळ्यात हार घातला आणि पाटावर बसवलं. समोर घागर होती, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, सांजोऱ्या आणि दोन आंबे. मागच्या खोल्यांतले भाडेकरू दाराशी येऊन उभे राहिले होते. मापाडी त्यांच्याकडे बघून म्हणाला, "आज आमचे आबाच आले समजा." तो हे मुद्दाम सगळ्यांना ऐकवत होता, हे मला कळत होतं आणि मी गळ्यात हार घालून गप्प बसलो होतो.

पितरांच्या नावाने चुलीत घास टाकला. ताट आलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी. मला घास गिळवत नव्हता, पण पितराने पानात टाकायचं नसतं. म्हातारी वाढत होती. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, नजर खाली. मला ती आजवर 'भाऊ' म्हणून हाक मारायची. त्या दिवशी तिने मला हाक मारलीच नाही. नवऱ्याला वाढावं तसं वाढत होती.

जेवण झालं. मी हात धुतला. आता विडा देऊन मला उठवणार आणि सगळं संपणार, असं दिसत होतं. मापाड्याने विडा पुढे केलाही. तेवढ्यात म्हातारी समोर येऊन बसली. दोन्ही हात जोडून जमिनीकडे बघत म्हणाली, "जीवमा काही राह्यनं का तुमना? सांगी द्या."

ही त्यांच्या घरची रीत होती. पहिल्या घागरीला पितराला विचारायचं, मनात काही राहिलं का? बहुतेक पितर म्हणतात, काही नाही, सुखी राहा. मापाडी हे विसरला होता, किंवा त्याला वाटलं असेल की मीही तेच म्हणेन. त्याचा विड्याचा हात तसाच अधांतरी राहिला.

समोर बसलेली बाई मला विचारत नव्हती, हे मला स्वच्छ कळत होतं. आणि आबा असते तर काय म्हणाले असते, हेही कळत होतं, कारण ते ओट्यावर बसून तसं म्हणाले होते.

मी म्हणालो, "मी एक शब्द दिला होता. तो राहिला."

म्हातारीने विचारलं, "कोनता?"

"खोल्या मोकळ्या करायचा."

मापाडी ताडकन उभा राहिला. "आई, हे आबा नाही बोलत. हा मालक बोलतोय!"

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाटवर कोन बठेल शे?" ती म्हणाली. "तूच बठाडेल शे ना त्यासले?" मग ती पुढे वाकली, तिने माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि तिथूनच मुलाला म्हणाली, "आयकं का रे? तुना बाप सांगी राह्यना. सामान बांध."

जूनच्या आधी त्यांनी खोल्या सोडल्या. मापाड्याची कमाई बरी होती, गावात त्याला जागा मिळाली. जाताना किल्ली त्याने माझ्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. म्हणाला, "कायद्याने तुम्ही मला जन्मात काढू शकला नसता." मी म्हटलं, "माहीत आहे." मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. आम्ही सामान आणलं. बायकोने उंबरठा ओलांडून खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, इथे उजेड चांगला येतो. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपलो.

घरमालकी मी पुढे बरीच वर्षं केली. चाळीत सण होत, डोहाळजेवणं होत, श्राद्धपक्ष होत. बायकोला आणि मुलांना बोलावणं असायचं. मला नसायचं. कुणी वाईट वागत नव्हतं. नमस्कार करायचे, भाडं वेळेवर द्यायचे, पण मी ओट्यावर बसलेला असताना पितराला शोधायला पुढच्या गल्लीत जायचे. मला ते लागायचं. मी बायकोला म्हणायचो, बरं झालं, तेवढाच माझ्या पोटाला आराम.

एकदा मागच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलं. पोस्टात नोकरी करणारा तरुण मुलगा होता, हसतमुख. त्याच्या घरी सत्यनारायण होता. सकाळी तो येऊन आग्रहाने म्हणाला, "भाऊ, तुम्हीच मोठे इथे. पहिल्या पंगतीला तुम्ही पाहिजेत." मी धुतलेलं धोतर काढलं. बायकोने त्याची घडी नीट केली.

बारा वाजता तो पुन्हा आला. कुणीतरी त्याला त्या आखाजीची गोष्ट सांगितलेली दिसत होती. तो आत न येता दाराबाहेरच उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुम्हाला गर्दीत त्रास होईल. तुमचं ताट इथेच आणून देतो."

मी म्हटलं, "आण." त्याने आणलं, वर केळीचं पान झाकलेलं. मी पुढच्या खोलीत बसून एकट्याने जेवलो. जेवण चांगलं होतं.