बहात्तर वर्षांचा मटकीवाला

नोएडात नवीन सेक्टर उठले तेव्हा लोकांना एकदम खूप जगायचं खूळ लागलं. दिल्लीत आर. के. पुरमच्या दोन सरकारी खोल्यांत होते तोवर कुणाला आयुष्याची एवढी पडली नव्हती. स्वतःचा फ्लॅट झाला, खाली गाडी आली, मग मरणं परवडेना. पार्क दोन गल्ल्या पलीकडे, तर हे लोक गाडी काढून चालायला यायचे. एक चक्कर मारायची, बाकावर बसून प्लॉटचे भाव बोलायचे, गोलात उभं राहून खोटं खोटं हसायचं आणि घरी जाऊन परांठे चापायचे. काडीची अक्कल नाही.

आणि माझी अक्कल बघा, की यांच्या जिवावर मी धंदा टाकला. मी मूळचा एका मराठी साहेबांकडचा स्वयंपाकी. साहेब रिटायर होऊन पुण्याला गेले, मी बायको-पोरीसकट इथेच उरलो. आपल्याकडे मटकीला कोण विचारतं? पण पार्कच्या गेटवर कांदा, टोमॅटो, लिंबू घालून मोड आलेली मटकी द्रोणात दिली, की तीच दवा. "बीमारी पास नहीं आएगी, साब," असं मी छातीवर हात ठेवून सांगायचो. दुसरा हात खोकला दाबायला लागायचा. बिडी होती ना. मी स्वतः ती मटकी कधी खाल्ली नाही. शेजारच्या गाडीवरच्या छोले-भटुऱ्यांवर माझा पिंड पोसला.

एकदा एका बाईंनी विचारलं, "अंकल, उमर क्या होगी आपकी?" केस पांढरे, गाल बसलेले. पन्नास म्हटलं असतं तर बाई द्रोण टाकून पळाली असती. म्हटलं, "बहात्तर."

"हाय राम! लगते तो बिल्कुल नहीं!"

त्या दिवशी पातेलं लवकर रिकामं झालं. तसं माझं वय मला तरी कुठे माहीत? आई सांगायची, तू झालास तेव्हा म्हैस व्याली होती. म्हशीचंही कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

गिऱ्हाइकांत एक मराठी गृहस्थ होते. सरकारी कचेरीतून रिटायर, एकदा छातीचं दुखणं येऊन गेलेलं. तेवढे एकटेच खरोखर चालायचे. माझं बहात्तर वय ऐकून त्यांनी सिगरेट सोडली, परांठे सोडले, रात्री लवकर झोपायला लागले. मला त्यांची कीव यायची. एवढा शिकलेला माणूस, गुरू करून करून कुणाला केला, तर मला!

पुढे पोरीला स्थळ आलं. मुलगा तिच्याच कंप्युटर क्लासातला, पोरीला पसंत. बायकोनं मला बजावलं होतं, "आज तोंड उघडू नका. पोरीचं सगळं यावर आहे." मुलाकडची मंडळी आली आणि त्यांच्या मागून मुलाचा मामा म्हणून आत आले कोण? तेच ते.

"अरे, हे तर आपले मटकीवाले काका!" मामा बहिणीकडे वळले. "अगं, यांचं वय ओळख. बहात्तर!"

माझं तोंड बंदच होतं. बायको पोह्यांच्या बशा घेऊन येत होती. मुलाच्या आईनं तिच्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमचं हे दुसरं लग्न का?"

"पहिलंच," बायको म्हणाली. "आणि पुरे झालं."

"बघितलंस?" मामा खूश. "पन्नाशीनंतर मुलगी झाली यांना! मटकी, दुसरं काय!"

पोरगी ओढणीत तोंड खुपसून आत पळाली. रडतेय की हसतेय, कळेना.

मुलाच्या आईनं मला बाल्कनीत बोलावलं. "खरं सांगा हं."

"पन्नास. थोडं इकडेतिकडे."

"मग तोंड का असं झालंय?"

"बिडी. भटुरे."

बाईंनी श्वास सोडला. "ऐका. मुलगी मला आवडलीय. पण दादाला यातलं काही कळता कामा नये. डॉक्टर सांगून थकले, मी रडून थकले, त्यानं सिगरेट सोडली नाही. शेवटी सोडली कुणाचं बघून, तर तुमचं! आता लग्न पाहिजे असेल तर बहात्तरचेच राहा. आणि बिडी ओढताना त्याला दिसलात, तर संबंध तुटला समजा."

मी म्हटलं, "चालेल, बिल्कुल."

लग्नात माझ्याहून म्हातारी माणसं वाकून माझ्या पाया पडली. सगळा मांडव जिलेबी हाणत होता आणि मामांनी स्वतःच्या हातानं माझ्यापुढे मटकीची वाटी ठेवली. "तुम्हाला हे तळकट चालायचं नाही." बिडीसाठी जीव तळमळत होता, पण मामा माझ्या बाजूनं हलतील तर ना! मुलाकडच्या बायका माझ्या बायकोकडे बघून चुकचुकत होत्या. बिचारी, किती तरुण! ती मला दातओठ खात म्हणाली, "एवढे बहात्तरचे झालात, तर त्यातली पाच वर्षांची तरी अक्कल यायची होती."

पाठवणीच्या वेळी पोरगी माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नकोस बेटा. तुझे बाबा शंभरी गाठतात की नाही बघ."

पोरीला जे हसू फुटलं ते आवरेचना. नाक गळतंय, डोळे गळतायत, आणि ही खिदळतेय. व्हिडिओवाल्यानं नेमकं तेवढंच घेतलं. कुणीही ती कॅसेट बघितली, तर म्हणेल, बापाच्या घरातून सुटली म्हणून पोरगी किती खूश आहे.