काकांच्या मोटारीचं शनिवारचं तेल

शनिवारी आमच्या घरात तेल लागायचं नाही अशी एकच वस्तू होती, भिंतीवरचं घड्याळ. बाकी पुरुषांची डोकी, झोपाळ्याच्या कड्या, दाराच्या बिजागऱ्या आणि काकांच्या मोटारीच्या सीटा, सगळ्यांचा वार एकच. तिळाचं तेल कोमट करायचं, त्यात दोन मिरे टाकायचे. मिरे डोक्यासाठी, सर्दी होऊ नये म्हणून. सीटांना सर्दी होत नाही हे आम्हालाही कळत होतं, पण वाटी एकच असल्यामुळे मिरे त्यांच्याही वाट्याला येत.

मोटार म्हणजे दोन माणसांची, उघडी, विलायती स्पोर्ट्स कार. काका कालव्यांच्या खात्यात इंजिनियर होते. तरुणपणी डोंगरातल्या एका धरणावर काम करत असताना शेजारच्या चहामळ्याचा गोरा साहेब मायदेशी निघाला. त्याच्याकडून त्यांनी ती घेतली आणि चालवत तंजावरला आणली. बाहेरून बाटलीसारखी हिरवी, आतून लाल कातड्याची. काकू त्या गाडीत कधी बसली नाही. कातडं कुठल्या जनावराचं ते सांगा, मग बसते, असं ती म्हणायची. काका म्हणायचे, विलायती जनावर आहे, त्याला आपल्याकडे नाव नाही. हा संवाद मी जन्मल्यापासून ऐकत होतो आणि दोघांनाही त्यात काही नवीन घालावंसं वाटलं नाही.

पण गावाला त्या गाडीचा फार उपयोग होता. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला उघड्या मोटारीत बसवून, पुढे नादस्वरमची लांब सनई आणि तविलचा ढोल, बाजूला गॅसबत्त्या, असं देवळापासून मांडवापर्यंत मिरवत आणतात. त्याला जानवासम म्हणायचं. आमची मंडळी राजांच्या काळात महाराष्ट्रातून आली तेव्हा हे बरोबर आणलं की इथे येऊन उचललं, यावर घरात दोन पक्ष होते. उघडी मोटार मात्र आख्ख्या गावात एकच होती. त्यामुळे मराठी असो, तमिळ असो, अर्ध्या गावाचे जावई काकांच्या शेजारी बसून लग्नाला आले. काका स्वतः चालवायचे. जावयाला नारळाएवढाच भाव आणि गाडीला देवाएवढा, असं काकू म्हणायची.

मग ती वर्षं आली. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांची टेलिफोनची दुकानं निघाली, घरांच्या गच्च्यांवर तबकड्या उगवल्या, आणि तिरुचीच्या रस्त्यावर अशा गाड्या दिसू लागल्या की त्यांची नावं विचारायला आम्ही सायकली थांबवायचो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, पदवीधर, आणि घरातल्या कुठल्याही कामासाठी सदैव मोकळा होतो. त्याच सुमारास काकांच्या एकुलत्या एक मुलीचं, माझ्या अक्काचं, लग्न ठरलं. मुलगा मद्रासला कॉम्प्युटरमध्ये होता. म्हणजे नेमका कशात, ते आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं, म्हणून सगळे आदराने बोलत.

लग्न पक्कं झाल्यावर व्याह्यांना काकांनी हौसेने गाडीतून एक फेरी मारून आणलं. व्याही उतरले तेव्हा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र वेष्टीवर, म्हणजे आमच्याकडच्या धोतरावर, मागच्या बाजूला ताटलीएवढा काळपट तेलकट डाग होता. वीस वर्षांच्या शनिवारांनी सीटांचा लाल रंग केव्हाच पिऊन टाकला होता. कातडं काळं पडलं होतं, कडेला तडकलं होतं, आणि उन्हात ठेवलं की त्याला घाम यायचा. व्याही सभ्य गृहस्थ. वेष्टी पुढे-मागे चाचपून ते म्हणाले की गाडी उत्तम आहे, फोटो काढायला. मुलगा मात्र तिरुचीहून येणाऱ्या नव्या बंद गाडीत बसेल. सूट क्रीम रंगाचा आहे, आणि आत थंड हवाही असते.

रात्री जेवताना काकांनी भातावरचं ताक भाताबाहेर पानावर ओतून घेतलं. अर्ध्या गावाचे जावई आणणारा माणूस, आणि त्याचा स्वतःचा जावई काच चढवलेल्या भाड्याच्या गाडीतून यायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्याह्यांना टेलिफोन करून एक महिन्याची मुदत मागितली. जानवासमच्या आधी सीट पाहा, मग ठरवा. व्याही हो म्हणाले.

कातड्याचं काम तंजावरात कोण करणार? चपलांच्या दुकानदाराने गाडी पाहून हात जोडले. शेवटी मृदंगाच्या पुड्या बसवणारे एक वयस्क मेस्त्री तयार झाले. कातडं ताणायचं, भरायचं, घासायचं, हे त्यांच्या बोटांत होतं. रंग वाणियंबाडीच्या चामड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्यांच्या मेव्हण्याकडून आला. गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत उभी केली. मेस्त्रींनी पहिल्या दिवशी सीटवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, हिच्यात काय तळता?

पहिले दहा-बारा दिवस फक्त तेल काढण्यात गेले. आधी थिनरचे बोळे, मग शिकेकाईचं पाणी, मग खडूची पूड थापून ठेवायची. सकाळी पूड पिवळी होऊन आलेली असायची. ती झटकायची, पुन्हा नवी थापायची. मला हे काम दिलं होतं आणि मी संध्याकाळी गणपतीला पीठ लागल्यासारखा दिसायचो. तेल उतरल्यावर मेस्त्रींनी तडे भरले, काचकागदाने घासून सपाट केले, आणि मलमलीच्या बोळ्याने लाल रंगाचे पातळ हात द्यायला लागले. एक हात, वाळवण, मग दुसरा. लाल इतका सुंदर आला की काका ऑफिसातून येऊन बूट न काढता आधी पडवीत जायचे.

जानवासमला बरोबर आठ दिवस राहिले असताना, शुक्रवारी संध्याकाळी, मेस्त्री म्हणाले की आता तीन दिवस हात लावायचा नाही. रंग पक्का बसला की वर लाखेचं पाणी चढवायचं, मग तो कुणाच्या कपड्याला लागणार नाही. तोवर तो कच्चा आहे. हे त्यांनी माझ्याकडे पाहून दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली.

दुसरा दिवस शनिवार. काका-काकू पत्रिका द्यायला आधी तिरुवैयारु आणि मग ओरत्तनाडूला गेले होते. मी डोक्याला तेल चोळलं. वाटीत निम्मं उरलं होतं. पुढचं कसं झालं ते मी आजवर नीट सांगू शकलेलो नाही. मी काही विचार केला नाही, हेच खरं. हातात वाटी, वार शनिवार, पाय पडवीकडे गेले. सहा वर्षांचा असल्यापासून जात होते. मी गुणगुणत चालकाची आख्खी सीट चोळली, शेजारची अर्धी चोळली, आणि हात पुसायला पंचा घेतला तेव्हा पंचा लाल झाला.

हात कोपरापर्यंत लाल. सीट मात्र कुठे लाल, कुठे तपकिरी, कुठे नुसतीच ओली, पिकलेल्या पेरूच्या सालीसारखी. मी वाटी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसलो.

अक्का मला तिथे सापडली. तिने सीट पाहिली, माझे हात पाहिले, वाटी पाहिली. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मिरे पण टाकलेस?"

मी हो म्हणालो. मग ती पदर तोंडाशी धरून इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. हसून झाल्यावर मात्र तिने डोळे पुसले आणि म्हणाली की अप्पांना, म्हणजे काकांना, आत्ता काही सांगू नकोस, ते मेस्त्रींना काढून टाकतील किंवा तुला. मेस्त्री उपयोगाचे आहेत.

मी साबण, चिंच, राख, सगळं लावून पाहिलं. हात गुलाबीसुद्धा झाले नाहीत. रात्री पानावर मी डावा हात मांडीखाली ठेवून आणि उजव्याची मूठ करून रसम-भात खाल्ला. ज्याला हे अवघड वाटत नसेल त्याने करून पाहावं. काका समोरच बसले होते आणि ओरत्तनाडूच्या नातेवाइकांनी कॉफी कशी पातळ दिली ते सांगत होते.

रविवारी पहाटे मी मेस्त्रींच्या घरी गेलो आणि दोन्ही तळवे पुढे केले. त्यांनी एक तळवा धरून नाकाशी नेला. मग तमिळमध्ये म्हणाले, "तंबी, मृदंगाला तुम्ही काय घालता? तूप?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्या सकाळी मला ते नातं फार मोठं वाटलं.

त्यांनी सगळा रंग पुन्हा उतरवला. दोन दिवस पुन्हा खडूची पूड. पण ताज्या उघड्या कातड्यात तेल खोल गेलं होतं, गडद धब्बे राहिलेच. त्यावर लाल चढवला तर धब्बे दिसणार. गडदावर उजळ बसत नाही, मेस्त्री म्हणाले, आता रंगच खाली उतरवायला हवा, आणखी गडद करायला हवा. काळा आणि तपकिरी घालून किती गडद करायचं, हे ते विचारत होते आणि मी नुसता उभा होतो. अक्का घरात गेली आणि काकूच्या लग्नातल्या साडीच्या काठाचा एक फाटका तुकडा घेऊन आली. अरक्कू रंग. लाखेचा, जुन्या कुंकवाहून गडद, आमच्या भागातल्या नवरीच्या साड्यांचा. मेस्त्रींनी तुकडा सीटवर ठेवला आणि डबे उघडले.

काकांना अक्कानेच सांगितलं, की लाल नको, बससारखा दिसतो, मला अरक्कू हवा. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात मागे घेतले. "तुझं लग्न," ते म्हणाले, आणि पेपर उघडला.

बुधवार-गुरुवार रंग, शुक्रवारी लाखेचे तीन हात. शनिवारी दुपारी परीक्षा. मेस्त्रींचं म्हणणं, भर उन्हात पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने तासभर बसावं. मगच जावई. पांढरी वेष्टी नेसून मी बसलो, हे ओघानेच आलं. आख्खी गल्ली पाहायला जमली. घाम खालून येत होता की वरून हे कळेना. तास झाला, मी उतरलो, आणि मला पाठमोरं उभं करून मेस्त्री, अक्का, शेजारच्या तीन मामी आणि दूधवाला यांनी माझी तपासणी केली. चोवीस वर्षांत माझ्यात एवढा रस कुणी घेतला नव्हता. शेवटी काकू पुढे आली. वेष्टी पाहिली, मग सीटकडे पाहिलं, मग सीटवरून हात फिरवला, सोवळं-ओवळं विसरून. "हा माझ्या साडीचा काठ," ती म्हणाली. आणि कुणाला काही न विचारता आत जाऊन आंघोळ करून आली, कारण कातड्याला हात लागला होता.

व्याह्यांनी येऊन स्वतः पांढरा रुमाल सीटवर घासला, उलटून पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. तिरुचीची गाडी मग वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना थंड हवा देत मागून आली.

जानवासम देवळापासून निघालं. नवरा मुलगा क्रीम सुटात, गळ्यात हार, काकांच्या शेजारी. काकांच्या पाठीचा कणा त्या दिवशी असा ताठ होता की हॉर्नलाही दबकावं लागलं. मांडवाशी गाडी थांबली. आरती घेऊन बायका पुढे आल्या. नवरा मुलगा उतरला आणि त्याच्या चेहऱ्याकडे आमच्या घरातल्या एकाही माणसाने पाहिलं नाही. सगळे त्याच्या मागे गेले. तो बिचारा मान वळवून विचारू लागला, काय झालं, काही लागलंय का?

काही लागलं नव्हतं. क्रीम ते क्रीमच होतं. मेस्त्रींनी गर्दीतून मला मान हलवून दाखवली आणि तविलवाल्याच्या पुडीकडे पाहायला लागले.

माझे हात मात्र लालच होते. मांडवात जो तो विचारत होता, मेंदी नवरीला का या मुलाला? पानसुपारी द्यायची माझ्याकडे होती, त्यामुळे लपवायलाही जागा नव्हती.

त्या रात्रीची जेवणं सुरू व्हायच्या आधी काका गाडी घरी ठेवायला निघाले आणि मला म्हणाले, चल. मी शेजारी बसलो. राजवाड्यामागच्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "हात दाखव."

दाखवले.

"त्या शनिवारी मूठ करून जेवत होतास तेव्हाच पाहिले."

मी माफी मागायला तोंड उघडलं. पण त्यांनी आधीच विचारलं, "तेल लावायला कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

"मग," ते म्हणाले, आणि गिअर बदलला.

मागे नादस्वरम अजून ऐकू येत होतं. अठरा वर्षं दर शनिवारी त्यांनी त्या सीटांवर माया केली होती, माझ्या हातांनी, आणि हे कळणारा त्या घडीला मी एकटाच होतो. आता ती गाडी कोइमतूरकडे कुणाकडे तरी आहे म्हणतात, आतून पुन्हा लाल केलेली. मी पाहायला गेलो नाही.

घराजवळच्या वळणावर काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीवर उताणे धरून सीटपासून बोटभर वर तोललेला होतो. आठवडाभर तसाच बसत होतो, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"नीट बस," काका म्हणाले. "लागत नाही आता."

मी टेकलो.