आयेला सांगितलेली अमेरिका

सत्यवान तालुक्याच्या कचेरीत कारकून होता, पण वाडीत त्याला सगळे 'अमेरिकन' म्हणत. अमेरिका राहू द्या, मुंबईलाही तो एकदाच गेला होता आणि पोट बिघडून चौथ्या दिवशी परतला होता. नाव पडलं ते वाचनामुळे. कचेरीतून आला की चहा घेऊन घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकायची आणि अमेरिकन कादंबरी उघडायची. जुन्या कादंबऱ्या सावंतवाडीच्या वाचनालयातून यायच्या. नव्या आणायचा आरोंद्याचा एक टेम्पोवाला. तो मासळी घेऊन गोव्यात जाई आणि हिप्प्यांनी टाकलेली पुस्तकं रद्दीच्या भावाने घेऊन येई. त्यांना कव्हर नसे, बांगड्याचा वास मात्र असे.

हे त्याने हौसेने सुरू केलं नव्हतं. थोरला भाऊ धोंडू मालवाहू जहाजावर खलाशी. चौऱ्याहत्तर साली अमेरिकेच्या एका बंदरात 'जरा बाजार करून येतो' म्हणून उतरला, तो जहाजावर परतलाच नाही. सोबतचे खलाशी घरी येऊन सांगून गेले, तिथे पुष्कळ जण असे पळतात, चार पैसे गाठीला बांधतात आणि येतात. धोंडू आला नाही. तेव्हा भाऊ ज्या मुलखात हरवला तो मुलूख तरी बघावा, असं सत्यवानाच्या मनाने घेतलं. दुसऱ्या कोणी नकाशा आणला असता. याने कादंबऱ्या आणल्या.

मॅट्रिकच्या इंग्रजीला जेवढं झेपेल तेवढं वाचायचं, उरलेलं अंदाजाने. एवढ्यावर त्याची मतं मात्र पक्की झाली होती. जुन्या अमेरिकन कादंबऱ्यांतली माणसं देवाला भितात, पापाला भितात, निदान थंडीला तरी भितात. नव्यांतली कशालाच भीत नाहीत, फक्त मध्येच उठून फ्रीज उघडून बघतात. कोणी कोणाकडे न सांगता जात नाही, आणि गेलाच तर त्याला कोणी जेवायला थांबवून घेत नाही. मोटार तर इतकी चालते की पुस्तक मिटलं तरी कंबर दुखते. जो तो घर सोडून निघतो, आणि का निघाला ते लेखक तीनशे पानांत सांगत नाही. सत्यवान पानोपानी त्या रस्त्यांवर एक बुटका, काळा, डाव्या पायाने किंचित लंगडणारा माणूस शोधायचा. तसा कुठल्याच कादंबरीत नव्हता.

हे सगळं तो आयेला मालवणीत सांगे. आये सुपात कुळीथ निवडत ऐके आणि मध्येच विचारी, "तेच्या आवशीक कोण बघता?" त्याच्या आईला कोण बघतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या एकाही लेखकाने दिलेलं नव्हतं. मग सत्यवानच देई. शेवटची पानं बाजूला ठेवून तो कादंबरीतल्या मुलाला घरी आणी, आई चुलीवरून तवा उतरवी आणि कादंबरी संपे. आये समाधानाने सूप पाखडी. म्हणजे धोंडूही येणारच.

एकदा तर कहर झाला. वॉल्टर नावाच्या एका मुलाची कादंबरी चालू होती. गव्हाच्या शेतातलं घर सोडून तो निघालेला, खिशात काही नाही, आई एकटी. आयेचा जीव त्याच्यात अडकला. तिने नारळ देऊन सत्यवानाला देवळात पिटाळला. गुरवाने विचारलं, गाऱ्हाणं कोणासाठी घालायचं? सत्यवान म्हणाला, लांबच्या एका नात्यातल्या मुलासाठी. गुरवाने हात जोडून खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू परमुलखात वाट चुकलेला आसा, तेका तेच्या आवशीच्या दारात आणून उभा कर रे म्हाराजा!" आणि जमलेली दहाबारा माणसं वॉल्टरसाठी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाली. सत्यवानाला हसू यायला हवं होतं. तो खांबाच्या आड तोंड करून उभा राहिला.

त्याच आठवड्यात चुलते दाजी आले. बारा वर्षं उलटली, म्हणाले, आता पळसाच्या पानांचा पुतळा करून धोंडूला अग्नी द्यायला हवा. नाहीतर गेलेल्याला गती नाही आणि मागच्यांना सुटका नाही. आये सूप खाली न ठेवता म्हणाली, वॉल्टराचं पुस्तक पुरं होऊ दे, मग बघू. दाजींना वाटलं वॉल्टर हा कोणी वकील असावा. ते बरं म्हणून गेले.

धोंडूची बायको सुगंधा हे आतून ऐकत होती. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं असताना नवरा गेला. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, हे बायका आपसात कुजबुजत आणि शेवटी मुलाकरवी नुसतं वाण पाठवत. त्या संध्याकाळी ती मागीलदारी भांडी घासत होती. सत्यवान पाय धुवायला आला तेव्हा मान वर न करता म्हणाली,

"भावजी, तुमच्या सगळ्या पुस्तकांतले झील घराक कशे येतत? आणि येतत ते बरोबर जेवणाच्या वक्ताक. आमचोच तेवढो येणा नाय."

सत्यवानाने पायावर तांब्या ओतला.

"माका सवाष्ण म्हणा, नायतर विधवा म्हणा. पण काय तां एक ठरवा. ह्या पुस्तकात तुमचा काय घालू नुकात. आसा तसाच सांगा."

त्या रात्री त्याने वॉल्टरच्या पुस्तकाची शेवटची पानं वाचली. एकदा वाचली, नीट कळली नाहीत असं स्वतःला सांगून पुन्हा वाचली. कळली होती. वॉल्टर मेला नव्हता. तो कित्येक वर्षांनी आपल्या घराच्या फाट्यापर्यंत आला, गाडीत बसून त्याने स्वयंपाकघरातला दिवा पाहिला, आणि गाडी वळवून निघून गेला. पुढे कोरं पान.

हे आयेला कसं सांगायचं? येणारा मुलगा तिला सांगता आला असता, मेलेलाही. जिवंत असून न येणारा मुलगा सांगायला मालवणीत त्याच्याकडे शब्द असून तोंड नव्हतं. आणि सुगंधेच्या काय उपयोगाचा तो? त्याच्यासाठी ना वडाला दोरा बांधता येतो, ना पुतळा जाळता येतो.

"मेलो," सत्यवान आयेला म्हणाला. "वाटेतच. तापान."

आयेचा हात सुपात थांबला. "तेका पाणी कोणी दिल्यान?"

"कोणी नाय."

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "दाजीक सांग."

पुतळा नदीवर केला. पानं ओली होती, पेट धरेनात. भटजींनी शेवटी रॉकेल मागवलं. अग्नी द्यायला धाकटा भाऊ म्हणून सत्यवानच. पहाटे निघण्याआधी सुगंधा त्याला दारात आडवी आली होती. कपाळ अजून पुसलेलं नव्हतं.

"पुस्तकात खराच मेलो?" तिने विचारलं.

"व्हय."

तिने त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरा," म्हणाली, आणि पदराने कुंकू पुसत आत गेली.

नदीवर धूर फार झाला. दाजी म्हणाले, मागे वळून बघायचं नाही. सत्यवान वळला नाही. पण सगळ्या वाटभर त्याला वाटत राहिलं, की कोणीतरी फाट्यावर गाडी उभी केली आहे, आणि आता तो ती वळवतो आहे.