येऊदेमामा आणि माझी नवी गाडी

मी येऊदेमामाला मारलं, तेही भर बाजारात. चूक माझी होती हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. ते तोंडाने म्हणायला चार महिने लागले.

मुरबाडच्या बाजारात गाड्या मागे घ्यायला मदत करणारा हा साठीचा माणूस. "येऊ दे, येऊ दे" या आरोळीवरून त्याचं नाव पडलेलं. पण त्याची खरी भाषा हाताची. गाडीच्या पाठीवर एक दणका म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. पत्रा घुमायचा, आतली लहान मुलं दचकून रडायची. कुणी कुरकुरलं की म्हणायचा, "पत्रा ठोकून सरळ होतो शेट. माणूस नाय होत."

तरुणपणी तो खडीच्या ट्रकवर क्लीनर होता. खाणीत त्याचा सोबती ट्रक आणि भिंतीच्या मध्ये सापडला. "मी वरडत होतो. त्याच्या तोंडातनं रक्त आलं तरी ट्रक मागंच येत होता. डायवरला आवाजच नाय," एवढंच तो सांगायचा. तेव्हापासून त्याचा ओरडण्यावरचा विश्वास उडाला.

राग मात्र भयंकर. एकदा एका गाडीवाल्याने टोमॅटोच्या ढिगावरून चाक नेलं आणि तसाच निघाला. मामाने काठीने त्याचा आरसा फोडला, कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं आणि चिखलातले टोमॅटो वेचायला लावले. पोलिसांनी मामाला दिवसभर बसवून ठेवलं. "मारलं तर मारलं. नाय म्हनत नाय मी," तो त्यांनाही म्हणाला.

दसऱ्याला मी छोटी गाडी घेतली. मागे सेन्सर, मागे कॅमेरा. शहापूरजवळच्या आमच्या सापगावात आम्ही तिची पूजा केली. झेंडूचा जाड हार मागच्या बंपरवर लोंबत बांधला आणि हळदकुंकवाचं बोट नेमकं कॅमेऱ्याच्या काचेवर टेकवलं. दुसऱ्या दिवशी तशीच सजवलेली गाडी घेऊन बायकोबरोबर मुरबाडला गेलो. मागे घ्यायला लागलो तर पडद्यावर नुसता लाल डाग, आणि सेन्सर एकसारखा किंचाळतोय. काचा बंद होत्या. मागे दोन दणके बसले.

"अहो, ते थांबा म्हणतायत," बायको म्हणाली.

"हारामुळे सेन्सर वाजतोय गं," मी म्हणालो आणि गाडी आणखी मागे घेतली. पुन्हा दोन दणके. मग काठीचा घाव आणि फुटलेल्या काचेचा आवाज. एक दिवसाच्या गाडीचा मागचा दिवा!

मी उतरलो आणि मामाच्या तोंडावर ठोसा मारला. तो पडला. पडलेल्या माणसाच्या बरगडीत मी लाथ घातली, दुसरीही घातली. त्याने हात उचलला नाही. तो फक्त चाकाकडे बोट दाखवत होता. लोकांनी मला मागे ओढलं तेव्हा खालून आवाज आला, "माझं लुगडं सोडव रे आधी चाकाखालनं, मंग मारामारी कर!"

काकड्या विकणारी म्हातारी. चाक तिच्या लुगड्यावर चढलेलं, गुडघ्यापासून वीतभर लांब. तिला उठताच येत नव्हतं.

मामाने रक्ताबरोबर एक दात हातावर थुंकला. "आता गाडी पुढं घे," तो म्हणाला. "हळू."

मी गाडी पुढे घेतली आणि थांबलोच नाही. शहापूरला दिवा बदलून घेतला आणि भेटेल त्याला सांगितलं की मुरबाडचा तो म्हातारा पिऊन गाड्या फोडतो. ते मुरबाडपर्यंत पोचलं. गाडीवाले मामाला गाडीला हात लावू देईनात, दुरूनच हाकलायला लागले. हे कळल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही त्यांचे पाय धरल्याशिवाय मी या गाडीत बसायची नाही."

माघातल्या एका बाजाराच्या दिवशी मुरबाडला गेलो. मामा चहाच्या टपरीवर होता. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "मामा, चुकलो."

"कानात काय सांगतोस?" तो चहावरून नजर न उचलता म्हणाला. "मारलंस तवा अख्खा बाजार बघत होता. बोंबललास तवा दोन तालुके ऐकत होते."

टपरीसमोर गाड्यांची रांग लागली होती. मी मध्ये उभा राहिलो आणि ओरडलो, "या माणसाने दिवा फोडला म्हणून एक बाई वाचली! तो प्यायलेला नव्हता. मी खोटं बोललो." मग वळून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "मामा, मी तुम्हाला मारलं. मला माफ करा."