रुमालाखालचा हप्ता

माझी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, म्हणून बारामतीच्या त्या शोरूममध्ये बसलो होतो. शेजारी शेळगावकडचा एक शेळ्यांचा व्यापारी होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलताना खांद्यावरचा रुमाल सारखा झटकायचा. त्याला पिकअप घ्यायची होती. आधी दोन शोरूममध्ये त्यानं नुसता हप्ता विचारला, तर दोघांनीही पॅनकार्ड घेऊन परस्पर बँकांत कर्जाची चौकशी टाकली. तेवढ्यानंच त्याचा क्रेडिट स्कोअर उतरला. भाव विचारणं हा गुन्हा कधीपासून झाला, देव जाणे!

इथल्या सेल्समननंही आधी कार्डच मागितलं.

"न्हाय देणार. बाजारात चार ठिकाणी इचारतो त्याला आमी शाणा म्हणतो. तुमी त्याचंच मार्क कापता व्हय?"

"तात्या, सिस्टीमच तशी आहे."

"आमची बी सिस्टीम हाय."

त्यानं रुमाल हातावर पसरला आणि शेळीच्या सौद्यात बोटं धरून गुपचूप भाव सांगतात, तसा हात पुढं केला.

"घाला हात, सांगा हप्ता. पटला तर कार्ड देतो. कुणी इचारलं, ते रुमालाभायेर जात न्हाय."

सेल्समननं एकदा मॅनेजरच्या केबिनकडं पाहिलं आणि रुमालाखाली हात घातला.