पुढचं न विचारणारा माणूस

शिट्टी दातांत धरूनच अण्णा बोलायचा. "समुद्राला पाठ नको," एवढं त्यानं आमच्यासाठी मराठीतही शिकून घेतलं होतं. मरीनाच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना बाहेर काढायचं, हीच त्याची नोकरी.

आम्ही आटपाडीकडचे. शाळा नववीत सोडून मी इथं सोनं गाळायच्या भट्टीवर आलो. खोली किनाऱ्याला लागूनच, तिरुवल्लिकेणीत, त्यामुळं रविवारी समुद्रावर. "सोनं वितळवता, अक्कल तेवढी घट्ट ठेवता," अण्णा म्हणायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, शिव्या देत जीव लावणारी.

त्या रविवारी गावाहून नुकताच आलेला माझा चुलतभाऊ दत्ता गुडघाभर पाण्यात उभा राहून फोनवर आईला समुद्र दाखवत होता. समुद्र दिसावा म्हणून पाठ त्याच्याकडं. विहिरीत पट्टीचा पोहणारा, त्याला कसली भीती? मागून लाट आली. फोन ओल्या वाळूत पडला. त्यातून चुलती म्हणत होती, "दत्ता, दिसंना रं."

मलाही दिसत नव्हता.

अण्णा कधी आत गेला कळलंच नाही. दत्ताला ओढून आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. गर्दीतलं कुणीतरी 'गेला' म्हणालं. अण्णा त्याच्या तोंडाकडं न बघता, मान खाली घालून छाती दाबत राहिला. मधेच दत्ताच्या तोंडातून पाणी आलं, पुन्हा काही नाही. रुग्णवाहिका आली तरी त्याचे हात थांबले नव्हते.

"अण्णा, वाचंल का?"

"ते मला विचारू नको, तंबी. भावाबरोबर जा." आणि तो पाण्यातल्या दुसऱ्या पोरांवर ओरडायला निघूनही गेला.

दवाखान्यात दत्तानं डोळे उघडले, तसा मी नारळ घेऊन धावत किनाऱ्यावर गेलो. "अण्णा, आमचा दत्ता..."

"सांगू नको." माझं तोंड बघूनच त्याला कळलं असतं, म्हणून तो माझ्याकडं बघतच नव्हता. "एकाचं ऐकलं की बाकीच्यांचं विचारावंसं वाटतं. मग उडी मारताना पाय जड होतात."

नारळ घेऊन मी परत आलो.

दत्ता चालायला लागल्यावर पाया पडायचंच म्हणून हट्टानं आला. अण्णाला शोधत शोधत भिजल्या वाळूपर्यंत गेला. कुठूनसा अण्णाच आला, दंड धरून त्याला मागं ओढलं.

"नवा दिसतोस. कधी आलास?"

दत्तानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नको.

"कालच," दत्ता म्हणाला.