विचारसरणी नसलेला धाकटा

संप लांबला होता आणि संपावरच्यांना कारखान्याच्या दवाखान्याचं दार बंद होतं. अशात धाकट्याची मुलगी तापाने फणफणली. दोन रात्री ती डोळा उघडेना, तेव्हा तिसऱ्या सकाळी तो मान खाली घालून फाटकातून आत शिरला आणि आपला बॉयलर पेटवायला गेला.

फाटकावर कामगारांच्या पुढे उभा होता त्याचा थोरला भाऊ. दादा बोलायला लागला की माणसं तहानभूक विसरायची. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "जाऊ द्या त्याला. त्याला विचारसरणीच नाही."

शिवी असती तर धाकट्याने उलट दिली असती. हा शब्द झोंबला खरा, पण नीट कळलाच नाही.

मुलगी वाचली, संपही मिटला. पण कामावर धाकट्याशी कुणी बोलेना. तो डबा घेऊन आला की बाक रिकामं व्हायचं. मग तो बॉयलरच्या आडोशालाच जेवू लागला.

"दादांशी एकदा बोला तरी," बायको म्हणायची.

"काय बोलू? तो काय म्हणाला ते तर आधी कळू दे."

शेवटी त्याने मुलीच्या मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणाले, "सरणी म्हणजे वाट. जग कसं आहे, कसं असावं, त्यासाठी आपण काय करावं, हे सगळे विचार एका वाटेने चालले की झाली विचारसरणी."

धाकट्याने घरी येऊन डोकं खाजवलं. त्या सकाळी त्याच्या मनात एकच विचार होता, पोरीचा ताप. एकट्या विचाराची वाट होते का, हे मास्तरांना विचारायचं राहूनच गेलं.

पुढे तो शब्द त्याला जिथे तिथे भेटू लागला. रेडिओवर पुढारी एकमेकांच्या विचारसरणीवर तोंडसुख घ्यायचे. कुणी पक्ष बदलला तरी विचारसरणी म्हणे तीच. एकदा साबणाच्या जाहिरातीत कंपनीची विचारसरणी ऐकली आणि तो खो खो हसत सुटला. हसू ओसरल्यावर खोली फारच शांत वाटली. बायको तोवर गेली होती, मुलगी लग्न होऊन लांब.

मग एके दिवशी वहिनीचा फोन आला. "भावजी, ह्यांना अर्धांगाचा झटका आलाय. वाचा गेलीय. येता का?"

दादा खाटेवर पडून होता, दाढीचं जंगल माजलेलं. "कुणी येत नाही का?" धाकट्याने विचारलं.

"आधी रीघ लागली होती. हे बोलत नाहीत म्हटल्यावर कोण बसतंय?"

धाकट्याने गरम पाणी मागवलं आणि भावाची दाढी करायला घेतली. मध्येच दादाने धडक्या हाताने त्याचं मनगट धरलं. चेहरा लाल झाला, ओठ थरथरले, घशातून नुसतंच "हं... हं..." आलं.

"राहू दे, दादा," धाकटा म्हणाला. "मान सरळ ठेव, नाहीतर कापेल."

तो रोज जात राहिला. दादाला काय सांगायचं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दादाच्या शोकसभेला सभागृह भरलं. भाषणांवर भाषणं झाली. मागच्या ओळीत शेजारच्या माणसाने विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

"दाढी करायचो त्यांची," धाकटा म्हणाला.

"अरे वा! शेवटी शेवटी बोलायचे का काही?"

"नाही हो," म्हणत तो उठला आणि पुढच्या रांगेत एकट्याच बसलेल्या वहिनीशेजारी जाऊन बसला.